क्लचवरचा पाय

आमच्या बेकरीची व्हॅन आपल्याला काय दुखतंय ते कधी सरळ सांगायची नाही. कोल्हापुरातनं टोस्ट, खारी, बटर भरून आजऱ्याच्या लाईनीला निघाली, की कधी उत्तूरच्या चढावर दिवे मंद व्हायचे, हॉर्न घोगरा वाजायचा आणि दुसरा गिअर काही केल्या पडायचा नाही. कधी आठ-आठ दिवस काहीच व्हायचं नाही. गॅरेजात नेली तर पाहुण्यांसमोर बसलेल्या पोरासारखी शहाणी. मिस्त्री माझ्याकडे बघून हसायचा आणि मी गाडीकडे बघून दातओठ खायचो.

ती गाडी वडिलांनी घेतली होती आणि पहिल्या दिवसापासून ती मामांच्या हातात होती. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. नात्यातले नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना मामाच म्हणत आलो. मला गाडी त्यांनीच शिकवली, कळंब्याच्या तलावाकडच्या रस्त्यावर. "पाय काढ क्लचवरचा," हे एकच वाक्य त्यांनी मला महिनाभर ऐकवलं. क्लच काय पाय टेकवून बसायची जागा न्हाय, असं त्यांचं म्हणणं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर आळ घेतला तो नेमका ह्याच गोष्टीचा.

वडील गेले आणि मी मालक झालो. त्या दिवसापासून मामा मला अहो-जाहो करायला लागले. मला ते आवडलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

आमच्याकडे दर अमावास्येला गाडी धुऊन हळदकुंकू लावतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि नारळ फोडतात. वडील नारळ रस्त्यावर, पुढच्या चाकापाशी फोडायचे आणि पाणी चाकावर सोडायचे. मला ते मिळमिळीत वाटायचं. मी थेट बंपरवर फोडायला लागलो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खाडकन आवाज करायचो आणि पाणी तीनदा समोरच्या जाळीवर ओतायचो. कामगार कडेनं उभे राहून बघायचे. पहिल्याच खेपेला मामा हळूच म्हणाले, "मालक, जाळीवर नगो पाणी. आत वायरी हायत."

"देवाचं पाणी हाय मामा, त्येनं काय हुतंय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. मामा परत त्यावर बोलले नाहीत.

वर्षभरात गाडीची दुखणी सुरू झाली. आधी बॅटरीवर संशय घेतला, ती बदलली. मग क्लचची केबल तुटली. ती बदलली, तर दोन महिन्यांत नवीसुद्धा तुटली. क्लचप्लेट बदलली, गिअरबॉक्स उतरवला, काही सापडलं नाही म्हणून तसाच परत चढवला. मधे एकदा मामा म्हणाले, "मालक, सेल्फ मारला की क्लचची केबल हाताला गरम लागालीया. नुसत्या वडायच्या तारंला गरम व्हायचं काय कारण?" मी बिलं बघत होतो. "बघू," म्हणालो. बघितलं मात्र कुणीच नाही.

तिसरी केबल सणाच्या आदल्या दिवशी उत्तूरच्या अलीकडे तुटली. माल वाटेतच अडकला आणि दुकानदारांचे फोन मी दिवसभर झेलत राहिलो. संध्याकाळी एका ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून मामा गाडी घेऊन आले. भट्टीवरचे सगळे कामगार बाहेर आले होते. मामा उतरून काही सांगणार, तेवढ्यात माझं डोकं फिरलं.

"केबलीचं नाव सांगू नगासा, मामा. तुमचं गुडघं गेल्यात. पाय क्लचवर ठिवून बसताय आनि गाडी खाताय!"

मामांनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. "ह्यो पाय?" एवढंच विचारलं. मग खिशातनं किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि काउंटरवर ठेवली. "दुसरा पाय बघा, मालक."

मी थांबवलं नाही. उलट पुढचे कितीतरी दिवस जो विचारेल त्याला सांगत सुटलो, की मामा क्लच खायला लागलेत. आमच्या लाईनीत अशी गोष्ट पावापेक्षा लवकर खपते. दुसऱ्या कुणीही मामांना गाडी दिली नाही. साठीच्या घरात पोचलेला माणूस, उभं आयुष्य स्टिअरिंगवर काढलेला, कळंब्यात आपल्या दारात खुर्ची टाकून बसून राहिला.

नव्या ड्रायव्हरचे गुडघे धडधाकट होते. तिसऱ्या आठवड्यात त्याच्याही हातनं केबल तुटली. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं असं कबूल करायला नको, म्हणून मी आणखी तीन महिने गिअरबॉक्सला शिव्या देत काढले.

शेवटी कुणीतरी उद्यमनगरातल्या वायरिंगच्या एका मिस्त्रीचा पत्ता दिला. त्यानं गिअरबॉक्सकडे ढुंकूनही बघितलं नाही. बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, "पावणं, हिकडं या. ह्या केबलीला हात लावा. मी सेल्फ मारतो."

दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर मी हात झटकला. केबल तापली होती. मामांनी सांगितलं होतं अगदी तशी.

"गिअरबॉक्सला काय बी झाल्यालं न्हाय. तुमची अर्थिंगची पट्टी मेलीया," तो म्हणाला. इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी त्यानं दाखवली. जाळीच्या बरोबर मागे बोल्टनं बसवलेली होती. हिरवीगार पडून तिचा भुगा होत आला होता. "करंटला परत जायाला वाट पायजे की. हिकडची वाट बंद झाली, म्हून त्यो केबलीतनं जातोय. केबल आतनं भाजती, आखडती, मग गिअर पडत न्हाय आनि येक दिवस ती तुटती. पट्टी जरा टेकली की सगळं बरं, हालली की परत बोंब."

"पण पट्टी कुजली कशानं?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं बोल्टाभोवतीचा लगदा खरवडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हळदकुंकवाचा चिखल होता आणि त्यात नारळाच्या शेंडीचे चार केस. "नारळ हितंच फोडता जनू?" त्यानं विचारलं.

पट्टी आणि केबल बदलून होताच मी तसाच कळंब्याला गेलो. मामा दारात होते. मी सगळं सांगितलं, नारळाचंही सांगितलं, चुकलो म्हणालो आणि पाया पडलो. गाडीवर परत या म्हणालो. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हितं कोन हाय ऐकायला, मालक?" ते म्हणाले. "जितं बोललासा, तितं बोला. गाडीचं मागनं बघू."

"येत्या अवसेला बोलतो. सगळ्यांम्होरं," मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो होतो.

अमावास्येला गाडी धुऊन झाली. कामगार जमले, शेजारचे दुकानदारही होते. मी नारळ घेऊन पुढे झालो आणि बघतो तर समोरच्या सायकल दुकानाच्या पायरीवर मामा उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. ऐकायला आले होते.

नारळ मी रस्त्यावर, चाकापाशी फोडला. नव्या ड्रायव्हरनं तेवढ्यात विचारलं, "मालक, शेवटी फॉल्ट काय निगाला वो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या लोकांसमोर मी दर महिन्याला एवढ्या थाटात नारळ फोडला, त्यांच्यासमोर 'मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही' एवढं एक वाक्य म्हणायचं होतं.

"वायर कुजलीती," मी म्हणालो. "जुनी गाडी हाय, हुतंय."

गल्ली अरुंद आहे आणि माझा आवाज मोठा. मामांना ऐकू गेलं नसेल अशी आशा धरायला जागा नव्हती. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली, आणि पायरी उतरून बसच्या थांब्याकडे निघाले. ते वळेपर्यंत मी बघत होतो. पाय जरासुद्धा ओढत नव्हता.