तिसरी खोली

उमरीच्या तहसीलसमोर मी अर्जनवीस म्हणून बसतो. भाऊ-बहीण जोडीनं आले की विचारायच्या आधीच मी हक्कसोडपत्राचा कागद काढतो. बहिणी इथं हिस्सा सोडायलाच येतात.

त्या दिवशी आलेला भाऊ पंक्चरवाला होता. बोटांना टायरचं काळं चिकटलेलं, सोबत बुरख्यातली बहीण. वडिलांच्या मागं तीन खोल्या होत्या. मी लिहायला लागलो, तसा त्यानं कागदावर हात ठेवला.

"हक्कसोड न्हाई, साहेब. वाटणी लिवा. दोन खोल्या माझ्या, एक हिची."

"मेरेकू नको, भाई," बहीण पुटपुटली.

मी हसलो. "तुमच्या शरियतमधी बाईला हिस्सा असतोय व्हय?"

तो हसला नाही. "असतोय की. कुरानात लिवल्यालं हाय, आम्हीच देत न्हाई. ती मागत न्हाई म्हणून तिचं माझं होतंय का?"

मी दुसरा कागद घेतला.

आमच्या कायद्यात बहिणीचा हिस्सा भावाच्या बरोबरीचा आहे. माझ्या बहिणीचं हक्कसोडपत्र मीच लिहिलं होतं, चांगल्या वळणदार अक्षरात. सही करून पेन परत देताना तिनं एवढंच विचारलं होतं, "दादा, दिवाळीला येऊ ना?"