वेबसाइटवरची नवरी

बारामतीत माझं वधूवर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, फायलींची दोन कपाटं आणि पाण्याचा एक जार. दोन्ही कपाटं मुलांच्या फायलींनी गच्च भरली आहेत. मुलींच्या फायली एका कापडी पिशवीत मावतात आणि त्या पिशवीतल्या बहुतेक जणींना मुलगा पुण्यात हवा असतो. ऊस चालतो, पण रसवंतीत. अशा धंद्यात टिकायचं तर वेबसाइट पाहिजे, असं चार शहाण्यांनी मला पटवलं आणि मी ती करून घेतली.

वेबसाइट करणारे गृहस्थ एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात बसायचे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, ऑनलाइन सातबारा आणि वेबसाइट, सगळं एकाच खुर्चीवरून. त्यांनी माझ्या साइटवर पहिल्याच पानावर एक जोडपं टाकलं. नवरी नऊवारीत, नवरा फेट्यात, दोघांचे दात जाहिरातीतले. मी विचारलं, "हा फोटो कुणाचा?"

"गुगलचा हाय म्याडम," ते म्हणाले. गुगल जणू त्यांच्या मावशीचा मुलगा. वर आवाज खाली आणून मला गुपित सांगितलं, "आन मी त्यो उलटा करून टाकलाय. आरशात दिसतो तसा. कुनाच्या बापाला कळायचं न्हाय."

या चातुर्यामुळं नवरीच्या डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडं गेली. पानाच्या तळाशी मात्र त्यांनी न विसरता लिहिलं होतं, सर्व हक्क राखीव.

साइट सुरू झाल्यावर पहिले आले ते कळसचे एक तात्या. बरोबर बायको आणि हातात मोबाईल. मुलगा तिशी ओलांडलेला, निर्व्यसनी, स्वतः ऊस करणारा, म्हणजे लग्नाच्या बाजारात पूर्ण नापास. तात्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "ही पोरगी आमाला पसंत हाय."

"तात्या, ती नुसती शोभेची आहे."

"आसूं द्या की. आमचं घर बी शोभंल."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, फोटो डोळ्यांजवळ नेला. "आवो, हिची नथ उजवीकडं कशी? कुठल्या मुलखातली म्हनायची ही?"

"लग्न झाल्याव डावीकडं घालू," तात्या म्हणाले आणि विषय मिटवला.

ती फोटोतली मुलगी मी किती जणांना नाकारली असेल! कुणाला सांगितलं तिचं ठरलंय, कुणाला सांगितलं पत्रिका जुळत नाही. तात्या तर पुढचे कितीतरी महिने दुसरी स्थळं बघायलाच तयार नव्हते. शेवटी त्यांच्या मुलासाठी मी इंदापूरची एक मुलगी शोधली. आईवडील लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली, बोलणं कमी, नजर सरळ. त्या मुलानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मोबाईल खिशात घातला. मला तेवढ्यावरच कळलं. लग्नाला मला बोलावलं, मानानं बसवलं आणि पाहुण्यांना ओळख करून दिली, "ह्या बँकेतल्या म्याडम." मी आयुष्यात बँकेत गेले ती फक्त पासबुक भरायला. पण जेवण चांगलं होतं, म्हणून गप्प बसले.

आणि मग एका परदेशी फोटो कंपनीची ईमेल आली. सगळी इंग्रजीत, अतिशय सभ्य. आमच्या मालकीचं छायाचित्र आपण विनापरवाना वापरल्याचं आढळलं आहे. खाली माझ्या साइटचा फोटो, वापराची नुकसानभरपाई आणि पैसे भरायची लिंक. तेवढ्या रकमेत आमच्याकडं साखरपुडा होतो, जेवणासकट. हे लुबाडणारे आहेत असं समजून मी ती पुसून टाकली. दुसरी आली, तीही पुसली. तिसरी एका वकिलाकडून आली आणि तिच्यात सभ्यपणा जरा कमी होता.

मी गाळ्यावर गेले. वेबसाइटवाल्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "आपल्या हद्दीत कॉपीराइट लागत न्हाय म्याडम. त्ये मुंबईपत्तुर." मग मी आमच्या गल्लीतल्या वकिलांकडं गेले. ते बांधांचे दावे चालवतात. त्यांनी पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं प्रतिवादी म्हणून पाहिलं.

"फोटो साइटवरून काढलात का?"

"काढला. आता मिटलं ना?"

"बांध कोरला आणि पुन्हा माती टाकली, तर मागचं मिटतं का?"

त्यांनी समोरच्यांना लिहिलं, हक्क तुमचाच आहे याचा पुरावा दाखवा. मला वाटलं, आता बसतील शोधत. कंपनीनं दुसऱ्याच दिवशी पाठवला. मूळ फोटो आणि आमचा उलटा फोटो शेजारी शेजारी, आणि दोन्ही नथांभोवती लाल गोल. काकूंना जे दिसलं ते त्यांनाही दिसलं होतं. मग वकिलांनी घासाघीस केली, माझं केंद्र किती लहान आहे याचं हृदयद्रावक वर्णन केलं, रक्कम निम्म्याच्या खाली आणली, आणि मी ती भरली. भरताना मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. वेबसाइटवाले दुसऱ्या दिवशी भेटले तर मला धीर देत म्हणाले, "आता लांबचा फोटू टाकू. रशियातला. तितनं कोन येतंय?"

नको म्हटलं. पण जोडप्याच्या जागी नुसता करडा चौकोन राहिला आणि फोन यायचे थांबले. भिगवणच्या एका आईनं सरळ विचारलं, "केंद्र बंद पडलं का वो? का कुनी पकडलं?" पिशवीतल्या मुलींच्या फायली परत मागायला लोक येऊ लागले. केंद्रावर माझं घर चालतं. तो चौकोन भरला नाही तर मला कपाटं विकून टाकावी लागणार होती.

वकील म्हणाले, "तुम्ही जमवलेलं खरं जोडपं टाका. फोटो तुम्ही काढा, दोघांची संमती घ्या. कुणाचा बाप काही म्हणणार नाही." मला हसू आलं. इतकं सोपं होतं तर! इतकी लग्नं जमवली होती, एक फोटो कोण नाकारणार?

सगळ्यांनी नाकारला. डाळजची मुलगी कुजबुजली, "म्याडम, आमी सगळीकडं लव्ह मॅरेज सांगितलंय." म्हणजे एके काळी ज्यासाठी मुली घरात कोंडल्या जायच्या, ते आता माझ्यापेक्षा अब्रूचं झालं होतं. एमआयडीसीतला एक जावई म्हणाला, रॉंग नंबर. त्याच्या मुलाच्या बारशाला मी झबलं नेलं होतं. आणखी एकाच्या वडिलांनी सांगितलं की पोराचं लग्न सोलापूरच्या मामांनी जमवलं. तो मामा मी पाहिला होता. त्यानं फक्त जिलेबी जमवली होती.

कारण मला समजत होतं. केंद्रातून लग्न झालं म्हटलं की साऱ्या भावकीला कळतं, यांना नात्यागोत्यात कुणी मुलगी दिली नाही. समजत होतं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. इतके संसार उभे केले आणि त्यातल्या एकाही घरात मी कधी गेलेच नव्हते, असं सगळे मिळून ठरवून बसले होते.

राहिले कळसचे तात्या. मी फोन न करताच गेले, म्हणजे रॉंग नंबर म्हणायची सोय नको. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "टाका की फोटू! त्या शोभंच्या पोरीपरीस आमची सून काय कमी हाय?" मुलगा दाढी करून आला, फेटा बांधून घेताना दोनदा लाजला. सून नऊवारी नेसली. काकूंनी आपली नथ काढून तिला घातली, डावीकडं. मी अंगणात दोघांना उभं केलं आणि माझ्याच मोबाईलवर फोटो काढला. चांगला आला. दात जाहिरातीतले नव्हते, पण आपापले होते. संमतीच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या आणि मी चहाचा कप उचलला.

तेव्हा काकू म्हणाल्या, "फकस्त फोटूखाली येवढं लिवा, पाव्हण्यातनं जमलं."

मी कप तसाच खाली ठेवला. "काकू, केंद्राच्या वेबसाइटवर मी लिहू की लग्न पाहुण्यांतून जमलं? मग मी काय करत होते? पंखा पुसत होते?" मी बरंच बोलले. बँकेतल्या मॅडमपासून सोलापूरच्या मामापर्यंत सगळं काढलं. तात्या गोठ्याकडं काही काम आहे का ते बघायला गेले.

काकू मात्र शांत. "गावात तसंच सांगितलंय आमी, आता फिरवायचं कसं? आन तुमी काय परक्या हाय का? तुमीच पाव्हण्या. सुनंची मावशी म्हना. झालं खरं."

काय पण सोय! पैसे न देता नातं, आणि नात्यापायी केंद्राचं नावही गायब. याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात सून, जी तोवर दाराला टेकून नथ काढत होती, तिनं विचारलं, "मावशी म्हनल्याव, पंचमीला मला न्यायला येताल का तुमी?"

आमच्याकडं नवी लग्न झालेली लेक नागपंचमीला माहेरी जाते. बाप नाहीतर भाऊ तिला न्यायला येतो. काकूंनीच मग हळू आवाजात सांगितलं, की लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला हिनं बांगड्या भरल्या, मेंदी काढली, पिशवी भरली. मामाकडून कुणी आलं नाही. साधा फोनसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, तर ही सांगायची, मामाला ताप आलाय.

माझ्याकडं प्रत्येकाला द्यायला टोमणा असतो. वकिलाला दिला, त्या परदेशी कंपनीला इंग्रजीत दिला, आत्ताच काकूंना दिला. या मुलीचे आईवडील नाहीत हे माझ्याच फायलीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी ते फक्त मुलाकडच्यांना वाचून दाखवलं होतं. तिच्याकडं बघवेना. "येते," म्हणाले, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

फोटो आता साइटवर आहे. खाली मीच टाइप केलंय, पाहुण्यांतून जमलेलं लग्न. वकील म्हणाले, मॅडम, ही आपल्याच धंद्याची बदनामी आहे. वेबसाइटवाल्यांनी छपाईची चूक समजून ती ओळ दोनदा पुसली, मी दोनदा परत लिहायला लावली. फोन पुन्हा येतात. काही जण तर विचारतात, तुमच्याकडं पाहुण्यांतून जमवून मिळतं का, आणि मी मिळतं म्हणून सांगते.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि कळसला गेले. उशीर झाला नव्हता, तरी ती पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती.