रकानेबाईंचा भाऊ

अणुवीज केंद्राच्या पहिल्या फाटकाबाहेर, सायकल-स्टँडला लागून एक बसकी, पत्र्याच्या छपराची इमारत होती. केंद्रात काम करायला येणारा माणूस भट्टीजवळचा इंजिनिअर असो की फरशी पुसणारा, त्याला आधी या इमारतीतून जावं लागे. हा माणूस खरंच हाच आहे ना, याआधी कुठे राहिला, कुणाचा कोण, कधी कुठल्या भानगडीत सापडला होता का, याची इथे पडताळणी होई. पडताळणी पार पडली की मंजुरी आणि मंजुरी मिळाली की गळ्यात ओळखपत्र. दर पाच वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खिडकी क्रमांक दोनमागे ज्या बाई बसत त्यांना सगळं केंद्र रकानेबाई म्हणत असे. लोकांनी भरलेले रकाने त्या तीस वर्षं तपासत होत्या. अर्ज अकरा पानांचा, तीन प्रतींत. मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते हवेत आणि दोन पत्त्यांमध्ये महिन्याहून जास्त खंड नको. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. ओळख देणारे दोघं, पण नात्यातले नकोत. चूक शोधायला बाईंना अर्ज वाचावा लागत नसे. पान हातात धरलं की नजर आपसूक नको त्या जागी जाऊन थांबे. एकाने जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख लिहिली होती. ‘इतर कोणत्या नावांनी ओळखले जाता’ या रकान्यापाशी एक क्रेनवाला अडला आणि म्हणाला, बायको म्हणते ती सगळी लिहायची का, जागा पुरणार नाही. बाईंनी मान वर न करता त्याला सांगितलं, पुरवणी जोडा.

वर्षातून एकदा भट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवत. तेव्हा ठेकेदारांकडची पाच-सहाशे माणसं एका आठवड्यात येऊन थडकत. वेल्डर, रंगारी, पाइपवाले. रांग सायकल-स्टँड ओलांडून पार रस्त्यापर्यंत जाई. काचेला पाडलेल्या भोकातून ही माणसं बाईंना आपली सगळी आयुष्यं सांगत, कारण अर्जच तसं विचारत असे. कुणाचं दुसरं लग्न घरी ठाऊक नव्हतं, कुणी दोन वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढली होती, कुणाचा सख्खा भाऊ तुरुंगात होता. बाई ऐकून घेत, योग्य तो शेरा मारत आणि पुढच्याला बोलावत. यातलं एक अक्षर बाहेर जात नसे. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, आणि इतरांसारखी ती सही करून त्या विसरल्या नव्हत्या. घरी त्या आणि आई, दोघीच. आज ऑफिसात काय झालं असं आईने विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे, “काम.” पाच-सहा वर्षांनी आईने विचारणंच सोडून दिलं.

दर पाच वर्षांनी बाईंचाही स्वतःचा अर्ज भरला जाई. त्यात एकच जागा अशी होती की जिथे त्यांचं पेन क्षणभर थांबे. रकाना सतरा, भावंडे. तिथे त्या लिहीत, ‘भाऊ, एक, धाकटा.’ आणि पत्त्यासमोर, ‘ठाऊक नाही.’

भाऊ चार वर्षांनी लहान. वडील लवकर गेले आणि आईने दोघांना वाढवलं. तो बावीस वर्षांचा असताना केंद्राच्या दुसऱ्या भट्टीचं काम सुरू होत होतं, आणि तो तिच्याविरुद्ध पत्रकं वाटत हिंडत होता. नेमकं त्याच महिन्यात ताईच्या हातात केंद्राचं नेमणूकपत्र पडलं. तो तिला म्हणाला, “तू तिकडे गेलीस तर मला भाऊ समजू नकोस.” बोलला ते रागाने, तिनेही ते रागानेच ऐकलं. दोन दिवसांनी ती पहिल्या दिवसाची हजेरी लावून घरी आली तेव्हा त्याची पिशवी खुंटीवर नव्हती.

ताईने त्याला दोन वर्षं शोधलं. पोलीस चौक्या झाल्या, इस्पितळं झाली, त्याचे मित्र झाले. पेपरात फोटो देऊन चार वेळा निवेदन छापलं. आई म्हणायची, नको गं आता, तो धडधाकट असेल, कुठेतरी असेल. आईचं मन घट्ट आहे असं तिला वाटायचं, आणि आपलंही तसं असावं असं वाटायचं. पुढे तिने शोधणं थांबवलं. आपण ही नोकरी घेतली म्हणून भाऊ गेला, एवढं मनाशी धरून ती कामाला लागली. लग्नाचं बघायला आईशिवाय कुणी नव्हतं, आणि ताईने तिलाही बघू दिलं नाही. बघता बघता ताईच्या रकानेबाई झाल्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांचा अर्ज पुन्हा आला. आधीच्या वेळी पडताळणी पत्रांनी होई. जुन्या पत्त्यावरच्या चौकीला पत्र जाई, तिकडून ‘गाव सोडून गेला’ असं उत्तर येई आणि ते फाइलला लागे. आता सगळ्या खात्यांच्या नोंदी संगणकाने एकमेकींशी जुळवल्या जात. त्यात रकानेबाईंचा भाऊ तीन दिवसांत सापडला.

हे त्यांना कळलं ते मुलाखतीच्या खोलीत. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. समोर बसलेला पडताळणी अधिकारी आठ महिन्यांपूर्वी बदलून आला होता, तिशीतला होता, आणि फाइल कशी वाचायची ते बाईंकडूनच शिकला होता. सुरुवातीला त्याने चार इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. बाईंनी त्याला सांगितलं की साहेब, मुद्द्याचं आधी घ्या, मागे रांग आहे.

“भावाचा पत्ता ठाऊक नाही असं तुम्ही लिहिलंय,” तो म्हणाला.

“नाही ठाऊक.”

“आईंना ठाऊक आहे?”

“आईला कुठून असणार?”

त्याने पान उलटलं. “तुमच्या भावाचा जबाब मागवला होता, तो आलाय. ते लिहितात, आईशी संपर्क आहे, गेली तीस वर्षं. बहिणीशी नाही. आणि बाई, तुम्ही दोघी एकाच घरात राहता.”

बाईंना पलीकडून अक्षर उलटं दिसत होतं. तरी ते त्यांनी ओळखलं. भाऊ शाळेपासून ‘ळ’ इतका मोठा काढायचा की ओळीबाहेर जायचा, तसाच तो अजून काढत होता. मग सवयीने त्यांनी फाइलकडे परक्याच्या नजरेने पाहिलं. बाई केंद्रात, भाऊ केंद्राच्या विरोधातला, आई दोघांच्या मध्ये, आणि अर्जात सहा वेळा ‘ठाऊक नाही’. दुसऱ्या कुणाची फाइल असती तर त्यांनी स्वतः शेरा मारला असता, माहिती दडवल्याचा संशय.

साहेब काहीतरी सौम्य शब्द शोधत होता. त्यांनीच सांगून टाकलं, “नियमाप्रमाणे मंजुरी थांबवावी लागेल. चौकशी पुरी होईपर्यंत.” गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. कपाटांच्या किल्ल्या एकेक मोजून त्याच्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, “पोच द्या.” त्याने पोच लिहून दिली. तारीख घालायला तो विसरला होता, ती त्यांनी घालून घेतली.

दुपारचे अडीच वाजले होते. इतक्या लवकर त्या आजवर आजारपणातसुद्धा घरी आल्या नव्हत्या. आई खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. लेकीच्या गळ्यात ओळखपत्र नाही हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं.

बाई तिच्यासमोर बसल्या. “तो कुठे आहे ते तुला ठाऊक आहे?”

आईने हातातली शेंग आधी पुरी सोलली. मग म्हणाली, “कुणी सांगितलं?”

“सरकारने.”

आईने कुठलेच आढेवेढे घेतले नाहीत. घर सोडल्यावर चार महिन्यांनी भावाला दुसऱ्या एका शहरात अटक झाली होती. वीज खात्याच्या कचेरीसमोर रस्ता अडवला म्हणून. नऊ दिवस कोठडी आणि खटला. त्याने आईला पत्र टाकलं ते पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवालीच्या पत्त्यावर, कारण घरी आलं तर ताईच्या हाती पडेल. ताईची नोकरी तेव्हा कच्ची होती, पहिलं वर्ष. भावावर खटला आहे असं कळलं तर ताईला अर्जात लिहावं लागेल, आणि लिहिलं की तिला काढतील, असं दोघांनी ठरवून टाकलं. तिला ठाऊकच नसलं तर ती खोटंही बोलणार नाही. पुढे खटला मागे घेतला गेला, पण ठरलेलं ठरलेलंच राहिलं. आई महिन्यातून एकदा शिवणवालीकडे जायची. आधी पत्रं असायची, नंतर फोन. भावाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, ती आता कॉलेजात होती. हे सगळं त्या गल्लीत, शिलाई मशीनशेजारी बसून आईने ऐकलं होतं.

“मी पेपरात त्याचा फोटो दिला,” बाई म्हणाल्या. “चार वेळा.”

“पाहिला होता. त्यालाही पाठवला.”

बाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. खिडकीतून एखाद्या अर्जदाराला समजावावं तसं त्यांनी आईला समजावलं. नातेवाइकावर खटला असला तर विचारतात. अर्जदाराचा त्यात हात आहे का, एवढं बघतात, आणि नसला तर शेरा मारून पुढे पाठवतात. असे लोक त्या दर वर्षी पास करत होत्या. रस्ता अडवला म्हणून आजवर कुणाच्या बहिणीची मंजुरी गेली नव्हती. दडवलं म्हणून मात्र पुष्कळांची गेली होती.

“मला एकदा विचारायचं होतंस, आई. एका वाक्यात सांगितलं असतं.”

आई म्हणाली, “तू तरी कधी बोललीस? तिथे काय चालतं, कशाने माणूस अडतो, कशाने सुटतो? तीस वर्षं नुसतं काम, काम. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?”

वाटाण्यांचं भांडं त्यांनी आपल्याकडे ओढलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

चौकशी एकोणीस दिवस चालली. त्या दिवसांत दोघी एकमेकींशी जरुरीपुरतं बोलत. बाईंना राग आला होता, पण तो एका जागी ठरत नव्हता. आईवर धरावा तर तिने लेकीसाठीच केलेलं, भावावर धरावा तर त्यानेही. आपण नोकरी घेतली म्हणून तो गेला असं त्या इतकी वर्षं मानत आल्या होत्या. ते खरंही होतं, पण तो दूर राहिला तो रागाने नाही, ती नोकरी टिकावी म्हणून.

अकराव्या दिवशी साहेब स्वतः घरी आला, आईचा जबाब घ्यायला. आईला कमी ऐकू येई, त्यामुळे प्रश्न मोठ्याने विचारावे लागले आणि सगळ्या जिन्याने ते ऐकले. मुलीपासून का लपवलं, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, “तिला ठाऊक नसावं म्हणूनच तर सगळं केलं. तिला सांगायचं असतं तर शिवणवालीकडे कशाला जाऊ?” साहेबाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आईने सही केली आणि विचारलं, हे वाचून तिला काढणार का. तो म्हणाला, “नाही आजी. उलट यानेच त्या सुटतील.”

तसंच झालं. शिवणवालीचा आणि भावाचा जबाब आईच्या जबाबाशी जुळला. मंजुरी परत आली, किल्ल्या मोजून परत मिळाल्या. खिडकी क्रमांक दोनवर कुणी काही विचारलं नाही. बाईंनी कुणाला कधी काही विचारलं नव्हतं, त्याची ती परतफेड असावी.

पुढच्या रविवारी बाईंनी आईकडे भावाचा पत्ता मागितला. आईने तो पिनकोडसकट तोंडपाठ सांगितला. बसने तीन तास लागले. भावाचं पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि मागे दोन खोल्या. तो दारात उभा होता. अर्धे केस गेलेले, हाताला वंगण, बापाची चेहरेपट्टी उतरलेली. “ये ताई,” एवढंच तो म्हणाला. त्याची बायको पाया पडायला वाकली, बाईंनी तिला मध्येच धरलं. चहा झाला. आईची तब्येत, भावजयीची नोकरी, भाचीचं कॉलेज, सगळ्यांचं विचारून झालं. मग भावाने विचारलं, तुमची ती दुसरी भट्टी अजून चालूच आहे का. बाई म्हणाल्या, चालू आहे आणि उत्तम चालू आहे. तो म्हणाला, उत्तम म्हणजे काय, कचरा कुठे टाकता ते सांग. त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही. तो म्हणाला, तेच तर. आल्यापासून तासाभरात दोघं कडाकडा भांडत होते. भाची दाराला टेकून बघत होती. आपले वडील कुणाशी असे भांडताना तिने कधी पाहिले नव्हते.

परतीच्या बससाठी तो स्टँडपर्यंत आला. बस लागली नव्हती. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, “एकदा तुला पत्र लिहिलं होतं. मुलगी झाली तेव्हा. पेटीपर्यंत गेलो, टाकलं नाही.”

“टाकायचं होतंस,” बाई म्हणाल्या. “मी अर्जात लिहिलं असतं. काही झालं नसतं.”

“काहीच?”

“काहीच नाही.”

तो उठला आणि बसची चौकशी करायला खिडकीशी गेला. परत येऊन म्हणाला, पंधरा मिनिटं उशीर आहे. बाईंनी पर्स मांडीवर ठेवली. मुलीचं पाळण्यातलं नाव काय ठेवलं होतं, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं.

दोन महिन्यांनी तो आईला भेटायला आला आणि त्यानंतर येत राहिला. आई गेली ती त्यानंतर चार वर्षांनी, दोन्ही मुलं जवळ असताना. रकानेबाई वेळेवर निवृत्त झाल्या. भट्टीवरून भावाबहिणीचं अजूनही पटत नाही. वाद निघाला की भावजय उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि बसची वेळ झाली की तो आपोआप थांबतो.