पायाळूचं पाणी

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या समुद्रपूरकडच्या गावात एवढ्या एका गोष्टीवर माणसाचं काम ठरून जायचं. कोणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं. दुखणेकरी पालथा झोपायचा, मी त्याच्या पाठीला पाय लावायची, आणि उठताना तो म्हणायचा, "बरं वाटून राह्यलं." मग हातावर गुळाचा खडा. मोठ्यांना लाथ मारून वर गूळ मिळवणारी मुलगी शाळेत दुसरी नव्हती, त्यामुळे माझी त्या कामाबद्दल काही तक्रार नव्हती.

पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, ही समजूत मात्र मला महागात पडली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. विहीर खणायची तर पायाळू माणसाला अनवाणी रानातून चालवायचे, आणि तळपायाला जिथं गार लागेल तिथं खुणेचा दगड ठेवायचे. शेजाऱ्यांनी मला वैशाखात, भरदुपारी, काळ्या रानातून चालवलं. पाय भाजत होते. बाभळीच्या सावलीत पोचले तेव्हा गार लागलं, तसं मी सांगितलं. तिथं खणलेली विहीर कोरडी निघाली. "पोरीनं मन लावून पाह्यलं नाई," असं शेजारची काकू गावभर सांगत सुटली आणि आईशी बोलायची बंद झाली. आईचा उतरलेला चेहरा माझ्या मनाला फार लागला.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्याच काकांनी विहीर काढायचं ठरवलं. बाबांनी खटपट करून जिल्ह्याहून भूगर्भाची माहिती असलेल्या एका साहेबांना बोलावलं होतं. काकांचा भरवसा माझ्या पायांवर. शेवटी असं ठरलं की सकाळी साहेबांनी पाहायचं, नंतर मी चालायचं. परक्याची विहीर कोरडी गेली तर एवढं झालं, घरचीच गेली तर मी कुठं तोंड लपवणार होते?

साहेब शिडशिडीत, बोली पुण्याकडची. त्यांनी रानात लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, मीटरच्या पेटीतला हलता काटा पाहत सकाळ घालवली. मग एका जागी दगड ठेवला.

"पाणी लागन का नाई?" काकांनी विचारलं.

"लागण्याची शक्यता बरी आहे. पण लागेलच असं नाही."

"एवढ्या खुंट्या ठोकल्या अन् सायबाले बी ठाव नाई!" काका म्हणाले. सगळे हसले. साहेबही हसले आणि तारा गुंडाळत म्हणाले, "खडकाच्या आतलं दिसत नाही हो. जेवढं कळलं तेवढं सांगितलं."

काका माझ्याकडे वळले. "चाल व माय, चपला काढ."

साहेबांनी हा काय प्रकार म्हणून विचारलं, बाबांनी सांगितलं. आता हे आपली टर उडवणार असं मला वाटलं. पण ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "तुला खालचं काही कळतं का गं?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "नाई कळत," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

साहेब उठून काकांना म्हणाले, "मग आम्हा दोघांचं उत्तर सारखंच आहे. खणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कोरडी गेली तर बोल मला लावा."

मी चपला काढल्याच नाहीत.

काकांनी साहेबांच्या दगडापाशी खणलं. खाली काळा खडक लागला, सुरुंग लावले, पाणी नाही. त्या संध्याकाळी, मी चालले नाही म्हणून आता कोण माझ्याकडे पाहतं, याची मी वाट बघत होते. काका पाय धुताना एवढंच म्हणाले, "सायबानं तं आंधीच सांगतलं होतं, नाई बी लागन म्हणून." विषय तिथंच मिटला.

कळल्यावर साहेब स्वतः आले. विहिरीत उतरले, दगड हातात घेऊन उलटेपालटे करत राहिले. "माझा अंदाज चुकला," वर येऊन ते म्हणाले. "एका अंगाला मुरूम दिसतोय. तिकडून आडवं भोक पाडून बघा. खात्री याचीही नाही." या वेळी काका हसले नाहीत. आडव्या भोकातून बोटाएवढी धार आली. साहेबांबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते पुढं फार थोड्या माणसांबद्दल वाटलं. छातीठोक बोलणारे खूप भेटले, पण विहीर कोरडी गेल्यावर तिच्यात उतरून पाहणारा हा एकच.

ऐंशीच्या दशकात मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. प्रयोगात मीटरचा काटा कुठं आहे विचारल्यावर "याच्या आसपास" म्हणणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण द्यायची. बाकीच्या मास्तरांना ते लाड वाटत.

एकदा सुट्टीत गावी गेले, तर तीच शेजारची काकू कंबर धरून दारात उभी. उसण भरली होती.

"काकू, पाय लावतो," मी म्हणाले, "पण बरं वाटनच असं नाई."

"नाई तं नाई. लाव तं खरी." ती ओसरीवर पालथी झाली. मी चपला काढल्या आणि हलकेच पाय लावला.

"वाटलं का बरं?" मी विचारलं.

काकू भिंतीला धरून उठली, कंबर इकडेतिकडे वळवून पाहिली. "आत्ताच कसं सांगू? उद्या पाहून सांगतो."