बुडालेल्या जहाजाचा माड

एकोणीसशे त्रेपन्न साली मी वर्सोव्याला, कोळ्यांच्या वेसाव्यात, जागा घेतली तेव्हा तिच्या मधोमध एक उंच माड होता. नेमका माझा दिवाणखाना यायचा तिथेच. कचेरीत पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली उपसल्यावर माणसाला निदान घर तरी मनासारखं हवं असतं. मी माड तोडायला माणसं बोलावली, तर त्यांच्या आधीच धाकू कोळी बुंध्याला टेकून बसलेला.

"तोडू नको, शेट. लवूचा माड हाय."

धाकू सगळ्यांनाच तू म्हणायचा. माझं डोकं फिरलं. "ही जागा आता या मार्तंडाची! कोण हा लवू? त्याला घेऊन ये, मी बोलतो."

"माझा बा. मेला तो."

दुसऱ्या दिवशी त्याने मला होडीत बसवलं. भांडण एकदाचं मिटावं म्हणून मीही गेलो. किनारा लांब राहिला तेव्हा तो म्हणाला, "आता बग." गावातल्या देवळाचा कळस सरकत सरकत माडामागे गेला. उत्तरेला मढच्या किल्ल्याचा बुरूज एका खडकाआड झाला. धाकूने दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडली. वाटेत एकदा सोडली तेव्हा बारा हात गेलेली दोरी इथे सातव्या हातालाच अडली.

खाली जहाज होतं. कंपनी सरकारच्या काळातलं, कापूस भरून मुंबई बंदरातून निघालेलं आणि तुफानात फुटलेलं. धाकूच्या पणजोबाने त्यातले अकरा खलाशी आपल्या होडीतून जिवंत आणले. पुढे त्या सांगाड्यात गावाची जाळी फाटू लागली, तेव्हा त्यानेच खुणेसाठी किनाऱ्यावर माड लावला. तो पडला की घरातल्या पुढच्या माणसाने त्याच खड्ड्यात नवा लावायचा आणि लावणाऱ्याचं नाव माडाला द्यायचं, अशी रीत पडली. पुढचा धाकूच्या आजोबांनी आणि त्यांच्यानंतरचा लवूने लावला. धाकूच्या पडवीत नारळाचं एक रोप कायम तयार असे.

"माझी पाळी येल तवा धाकूचा माड," तो छाती काढून म्हणाला. "सगला वेसावा माझा नाव घेल."

अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाचा रुबाब बघून मी माड तोडायचा नाद सोडला. घर तिरकं बांधलं. नातेवाईक पोट धरून हसले, हसू देत.

चौथ्या वर्षी श्रावणातल्या वाऱ्याने माड मुळासकट उपटला. धाकू तापाने अंथरुणाला खिळलेला. नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले होते आणि त्या दिवशी साऱ्या होड्या पुन्हा समुद्रात जाणार होत्या. नवं रोप वाढेपर्यंत खड्ड्याशी उंच बांबू उभा करायचा, हे धाकूनेच कधीतरी सांगितलेलं. मी दोन बांबू जोडून बांधले, पत्नी वसुधाने आपलं लाल लुगडं फाडून निशाण केलं. बांबू तीनदा पडला. माझ्या कारकुनी हातांना फोड आले, पण चौथ्यांदा तो उभा राहिला.

पौर्णिमेला सकाळी धाकू घोंगडी पांघरून, झोकांड्या खात आला. काखेत रोप. त्याने बांबू हलवून बघितला. मी कुदळ पुढे केली, तर त्याने रोपच माझ्या हातात दिलं.

"तू लाव."

"अरे वेडा आहेस का? जन्मभर वाट बघितलीस!"

"मी पडलो व्हतो. खूण कोनी राकली? लाव, शेट."

मी लावलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही सुचलं नाही.

दुपारी दर्याला नारळ देऊन होड्या निघाल्या. कचेरीत माझ्या टेबलावर साधी नावाची पाटी नव्हती. आणि इथे वाळूत उभा राहून धाकू, तापाने चिरकलेल्या आवाजात, एकेका होडीला ओरडून सांगत होता, "मार्तंडाचा माड धरा रे! मार्तंडाचा माड!"