उज्ज्वलाची सीट

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला एक हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या दोन खोल्यांत शिवकन्या मॅडमचा क्लास चालतो. पाटीवर फक्त 'नीट – बायोलॉजी' एवढंच लिहिलंय. फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी पोरं दुसरीकडं जातात, पण बायोलॉजीसाठी जालन्याहून रेल्वेनं येणारी पोरंही आहेत, कारण इथं शिकलेल्यांना तीनशेसाठपैकी सव्वातीनशेच्या आसपास पडतात. फी मोठ्या क्लासांच्या मानानं कमी. चिकलठाण्याच्या, वाळूजच्या कंपन्यांत कामाला असणाऱ्यांची पोरं जास्त.

गंमत अशी, की ज्या परीक्षेवर या बाईचं घर चालतं, त्या परीक्षेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पोराला घेऊन आलेल्या बापाला ती पहिल्याच दिवशी ऐकवायची, की हुशारी आणि हा पेपर यांचा काही संबंध नाही. हा पेपर फक्त फसवतो, आणि मी न फसायला शिकवते. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई स्पष्टवक्ती आहे. बोलण्यात राग कुणावरचा आहे, ते तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

राग उज्ज्वलावरचा होता.

दोघी बिडकीनच्या. शिवकन्याचे वडील पुंजाराम पोस्टमन, उज्ज्वलाच्या वडलांचं खता-बियाण्याचं दुकान. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या, अकरावी-बारावीला शहरातल्या कॉलेजात एकाच एसटीनं जाणाऱ्या. शिवकन्या कायम पहिली. उज्ज्वला कधी सहावी, कधी नववी, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटायचं नाही. बारावीला शिवकन्याला तिन्ही विषय मिळून तीनशेपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी पडले. पेपरात फोटो छापून आला. पुंजाराम तो अंक टपालाच्या पिशवीत घालून महिनाभर घरोघर दाखवत फिरले.

पण तोवर मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर राहिले नव्हते, सीईटीवर होऊ लागले होते. त्या एका पेपरात उज्ज्वलाला शिवकन्यापेक्षा बारा गुण जास्त पडले. उज्ज्वलाचा घाटीत, शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, नंबर लागला. शिवकन्याची सीट सात गुणांनी हुकली. पाठीवर दोन बहिणी होत्या, वडील म्हणाले, परत वर्ष घालवायचं नाही. ती बी. एस्सी.ला गेली.

तेव्हापासून तिच्या आयुष्यात दोन कॅलेंडरं चालली. एक तिचं, एक उज्ज्वलाचं. आता ती दुसऱ्या वर्षाला असंल. आता तिची इंटर्नशिप चालू असंल. घाटीच्या फाटकावरून रिक्षा गेली की शिवकन्या दुसरीकडं बघायची. लग्नाची पत्रिका आली, तर नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'डॉ.' आहे का, ते तिनं आधी पाहिलं. होतं. पुढं गारखेड्यात उज्ज्वलाचा दवाखाना झाला. त्या रस्त्यानं जायचं काही कारण नसताना शिवकन्या वर्षातून दोन-चारदा जायची आणि पाटी वाचायची. नावापुढं एखादं अक्षर वाढलं, की ते त्या दिवशी मनात बोचत राहायचं. कधी कुणी म्हणालं, की डॉक्टरीणबाई तपासताना लई घाई करतात, तर त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं. हे तिला स्वतःला आवडत होतं असं नाही. पण लागायचं.

या जळजळीतूनच ती चांगली मास्तरीण झाली, हेही खरं. तिनं वीस-बावीस वर्षांचे पेपर जमवले. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय कसे रचतो, कुठला शब्द मुद्दाम घालतो, पोरगं कुठं अडखळतं, याचा तिनं असा अभ्यास केला की बस. प्रत्येक पोराला ती एक 'चुकांची वही' ठेवायला लावायची. टेस्टमध्ये जे चुकलं ते तिथं लिहायचं, आणि चुकीचं उत्तर आपल्याला बरोबर का वाटलं तेही लिहायचं. दर शनिवारी ती या वह्या तपासायची, आणि लाल पेनानं पानपानभर लिहायची. तिच्या क्लासचं सगळं कसब त्या लाल अक्षरांत होतं.

गेल्या वर्षी जुलैत एका दुपारी उज्ज्वला जिना चढून वर आली. सोबत तिची मुलगी राजनंदिनी. पंचवीस-सव्वीस वर्षांत दोघी समोरासमोर अशा बोलल्याच नव्हत्या. लग्नाकार्यात दिसल्या तर हसायच्या, तेवढंच. उज्ज्वला जाडजूड झाली होती, जिन्यानं तिला दम लागला होता. तिनं सरळ मुद्द्याचं सांगितलं. मुलीला लातूरला ठेवलं होतं, दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा घसरली. बायोलॉजीत फक्त दोनशे चौदा.

"बारावीला एक्क्याण्णव टक्के आहेत गं तिला," उज्ज्वला म्हणाली. "दोन वर्षांचा अभ्यास एका बाजूला, आन् तीन तासांचा पेपर एका बाजूला. याला काय न्याय म्हणायचं?"

हे वाक्य शिवकन्या पाव शतक बोलत आली होती. ते उज्ज्वलाच्या तोंडून ऐकताना तिच्या अंगातून एक गार सुखाची लहर गेली.

"तवा तुला हा न्याय बरा वाटला होता," ती म्हणाली.

उज्ज्वलानं मुलीकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. तवा बरा वाटला होता."

शिवकन्यानं मुलीला घेतलं. रात्री जेवताना नवऱ्यानं, रामकिसननं, विचारलं की कशाला घेतलंस, जमणार आहे का तुला? ती म्हणाली, फी सगळ्यांना सारखीच आहे. खरं कारण वेगळं होतं. उज्ज्वलाच्या घरात कुणीतरी नापास होताना तिला जवळून बघायचं होतं.

राजनंदिनी तिसऱ्या बाकावर बसायची. विसाव्या वर्षात आलेली, कमी बोलणारी, अक्षर मोत्यासारखं. मूत्रपिंडाचं काम विचारलं तर पानभर अचूक लिहून दाखवायची. आणि त्याच धड्यावर चार पर्याय समोर ठेवले, की दहातले चार चुकवायची. कुठल्याही दुसऱ्या पोराच्या बाबतीत शिवकन्यानं आठवड्यात रोग ओळखला असता. पण दर शनिवारी राजनंदिनीची वही ढिगाच्या तळाला जायची आणि नुसती सही होऊन परत जायची. टेस्टमध्ये दोनशे अठरा, दोनशे सव्वीस, परत दोनशे एकोणीस. आकडा भिंतीवर लावताना शिवकन्याला बरं वाटायचं. शिकवण्यात ती कसर करत नव्हती, असं ती मनाशी म्हणायची. फळ्यावर सगळ्यांना तेच शिकवते, हिलाही तेच.

डिसेंबरात एक दिवस क्लास सुटल्यावर पोरगी मागं थांबली.

"मॅडम, माझ्या वहीवर तुमची फक्त सही असते," ती म्हणाली. "आमरीनच्या वहीत तुम्ही पानभर लिहिता. माझं काय चुकतं ते तुम्हालाही कळत नसंल, तर तसं सांगा. मी मम्मीला सांगते आणि सोडून देते."

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की आपला आजार कुणालाच कळण्यासारखा नाही. शिवकन्यानं तिच्याकडं न बघता वही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि आठवड्यानं नळाला पाणी यायचा दिवस. शिवकन्या मोटर चालू करायची वाट बघत ओट्यापाशी बसली आणि तिनं वही उघडली. पोरीनं पाच महिने इमानदारीनं सगळं लिहिलं होतं, कुणी वाचत नाही हे माहीत असूनही. 'आधी बी वर टिक केली. शेवटच्या पंधरा मिनिटांत वाटलं, इतकं सोपं नसंल. डी केलं. उत्तर बी.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढं तेच. शिवकन्या पेन घेऊन मोजायला लागली. शेवटच्या साठ चुकांपैकी एक्केचाळीस ठिकाणी पहिलं उत्तर बरोबर होतं, आणि पोरीनं ते शेवटच्या पंधरा मिनिटांत बदललं होतं.

नळाला पाणी आलं, हौद भरून वाहिला, तरी ती उठली नाही.

कारण ती स्वतःही शेवटच्या पंधरा मिनिटांत हातात खोडरबर घेऊन बसली होती. तेव्हा उत्तरांचे गोल पेन्सिलीनं भरायचे होते. तिनं अकरा उत्तरं खोडली होती. पुढं उत्तरं मिळाली तेव्हा तिनं मोजून पाहिलं होतं, त्यातली नऊ पहिल्यांदा बरोबर होती. सीट सात गुणांनी गेली. निकाल लागल्यावर ती म्हणाली, पेपर वाईट होता, असले पेपर हुशार पोरांसाठी नसतातच. लोकांनी मान डोलावली. मग ती इतक्या वेळा तेच म्हणाली, की खोडरबर तिच्या आठवणीतून निघूनच गेलं. पेपरानं तिच्याकडं नेमकं तेच मागितलं होतं, जे तिच्यात कमी होतं. स्वतःवरचा भरवसा. आणि उज्ज्वलाकडं तो होता. सहावी येऊनही शांत झोपणाऱ्या पोरीकडं.

सोमवारी तिनं राजनंदिनीला आधी बोलावलं.

"टेस्टच्या कागदावर टिक करत बसायचं नाय," ती म्हणाली. "एक पान सोडवलं की त्याच पानाचे गोल पेनानं भरून टाकायचे. मागं वळून बघायचं नाय."

"आणि डाउट आला तर?"

"येऊ दे. पहिलं उत्तर तुझ्या अभ्यासाचं असतं. दुसरं तुझ्या भीतीचं."

पहिल्या दोन टेस्टला पोरगी रडली, शाई पुसता येत नाही म्हणून. जानेवारीत दोनशे एक्कावन्न पडले. फेब्रुवारीत दोनशे अठ्ठ्याऐंशी. एप्रिलमध्ये तीनशे नऊ. शिवकन्या आता तिच्या वहीत पानपानभर लिहीत होती, आणि आकडा चढला की तिच्यातल्या मास्तरणीला आनंद व्हायचा. पण त्याच वेळी तिच्यातल्याच पोस्टमनच्या पोरीच्या मनात आग पेटायची. आता ही आग उज्ज्वलावर नव्हती, या पोरीवर होती. हिला सांगणारं कुणीतरी भेटलं. एवढी साधी गोष्ट, दोन वाक्यांत सांगून झाली. आपल्याला ती कुणी सांगितली असती तर?

मेच्या परीक्षेत राजनंदिनीला बायोलॉजीत तीनशे अठरा पडले. बाकीचे दोन विषय जेमतेम. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या फेरीत नाही. तिसऱ्या फेरीत नांदेडच्या सरकारी कॉलेजात लागलं. शेवटून मोजलं तर बोटांवर मोजण्याएवढ्या जागांत, पण लागलं.

उज्ज्वला पेढे घेऊन एकटीच आली. क्लास सुटला होता, बाकं रिकामी होती. ती आभार मानायला लागली, तशी शिवकन्यानं तिला थांबवलं. पाच महिने वहीवर नुसती सही केली ते तिनं सांगितलं, काही न लपवता. मग म्हणाली, "आणि सीईटीत मी अकरा उत्तरं खोडली होती. पेपर वाईट नव्हता."

"मला माहितीय," उज्ज्वला म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?" शिवकन्यानं विचारलं.

"तूच सांगितलंस की. पेपर झाल्यावर, बिडकीनच्या गाडीत. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस. मग निकाल लागला आन् तू पेपरला नावं ठेवायला लागलीस. म्हटलं, हिला त्यातच बरं वाटत असंल तर राहू द्यावं."

"कुणालाच नाय सांगितलंस? इतकी वर्षं?"

"काय सांगायचं होतं? सीट मला मिळाली होती. वरून तुझं बोलणं खोटं पाडायला कशाला जाऊ." तिनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "आन् सहीचं म्हणशील तर, पोरीनं मला सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी म्हटलं, थांब. ती लिहील."

उज्ज्वला सावकाश, कठडा धरत जिना उतरून गेली. शिवकन्या बाकावर बसून राहिली. ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही. इतकी वर्षं ती सीटवर जळत होती. आता तिला वाटलं, त्या गाडीत आपण उज्ज्वलाच्या जागी असतो, तर पंचवीस दिवससुद्धा गप्प बसलो नसतो. गावभर सांगितलं असतं. या विचारानं तिला जे झालं, ते आधीच्या जळण्याहून जास्त झोंबणारं होतं, कारण यात कुठल्याच पेपराला बोल लावता येत नव्हता.

घरी तिनं रामकिसनला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, की आता तरी गारखेड्याला चक्कर मारायचं बंद करशील. ती म्हणाली, बघू.

नोव्हेंबरात राजनंदिनीचा फोटो आला. कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी, पांढरा एप्रन, बाहीची घडी अजून मोडलेली नाही. खाली 'थँक्यू मॅडम' आणि हात जोडलेले. शिवकन्यानं फोटो मोठा करून पाहिला. चेहरा नाही, एप्रन. खिसे, बटणं, छातीवरची नावाची पट्टी. मग तिनं 'शाबास' लिहून पाठवलं, आणि फोन पर्समध्ये टाकला. पाचच्या बॅचची पोरं जिन्यात बोलत होती, आणि फळा अजून पुसायचा होता.