कुसुमचे उपास सुटले

सीताबर्डीच्या एका दुकानात साड्यांना फॉल लावणाऱ्या कुसुमचं पोट नऊ वर्षं दुखत होतं. अपेंडिक्स काढलं, तरी कळा थांबल्या नाहीत. सासू जिजाबाई म्हणत, "उपास धर वं, बरं वाटन." ती धरी, आणि कळा वाढत.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिची लघवी उन्हात ठेवली. ती गडद लाल झाली. तपासणीत पोर्फिरिया निघाला, रक्तातल्या रंगद्रव्याचा दुर्मीळ आजार. बाई म्हणाल्या, "उपाशी राहिलात की दुखणं उठतं. मला विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका."

हरतालिकेला जिजाबाईंनीच ताट पुढे केलं. "जेव, बाई. मले का माहीत होतं?"

कुसुमच्या अंगात रागवायचंही त्राण नव्हतं. ती जेवली आणि कामावर गेली.